मागची भरणी

ओळंब्याची दोरी वरून सोडली तर ती अर्ध्यावरच भिंतीला टेकली. उकंडा गवंड्यानं ती ओढून घेतली आणि परत सोडली. परत तिथंच टेकली. काल दोरीच्या आणि दगडाच्या मधे बोट जात होतं.

भिंत त्यानंच बांधली होती. रंगराव पाटलांच्या नव्या घराचं जोतं, उताराच्या अंगाला पुरुषभर उंच. वर घर अजून उभं नव्हतं. भिंतीला दाबून धरायला वरून वजन नाही, आणि मागून जोत्यात रचलेल्या पोत्यांच्या भरणीचा रेटा. त्यात झड लागलेली. भरणीत पाणी मुरत होतं आणि भिंत पोट काढत होती.

भिंतीला लागून खाली वच्छलाबाईचं छप्पर. आत तिची लेक कौशल्या, ओली बाळंतीण.

उकंडा वर गेला, खाली आला, परत वर गेला. पाटील छत्री धरून जोत्यावरच उभे होते. सकाळपासून हलले नव्हते.

"पाटील, वरची पोती काढू द्या. रेटा कमी होईन."

"मातीची पोती हायेत. ओली झाली, वाळतीन."

"मी मुरूम टाका म्हणलो होतो. काळी माती फुगते."

"पोत्यात शिवल्यावर माती कुठं जाते बे? रचलेलं पोतं आपल्या जागी बसून राह्यते. तुही भिंतच कच्ची."

हे बोलणं उकंडाला लागलं. पाया उथळ घेतला काय? लांब दगड कमी बसवले काय? भरणीच्या वेळी तो दुसऱ्या गावच्या कामावर होता. ती पाटलांनी घरच्या गड्यांकडून करून घेतली होती. पण भिंत पडली तर नाव त्याचं जाणार होतं, आणि पडणार होती ती बाळंतिणीवर.

तो खाली आला. "वच्छलाबाई, लेकीले घेऊन निंघा इथून."

"कुठं जाऊ, उकंडाभाऊ? एवढ्या पावसात?"

"पाटलाच्या ओसरीवर."

"त्याच्या?" वच्छलाबाई हसली. "काल पायलीभर जवारी मागायले गेली होती मी. तं म्हणे, सारी सरकारच्या लढाईच्या वसुलीत गेली, माह्या कणगीत उंदीर उपाशी मरून राह्यले. मेल्या उंदरात बाळंतीण निजवू?"

भिंतीत कुठंतरी दगड करकरला. आत लेकरू रडायला लागलं.

उकंडानं पहार घेतली. मागं तुंबलेल्या पाण्याला वाट द्यायची, तेवढाच इलाज हाताशी होता. बुडाजवळचा एक लहान दगड त्यानं हेरला.

"उकंडा!" वरून पाटील ओरडले. "हात लावू नको. गावात काम भेटणार नाही तुले."

आजवर उकंडा पाटलांसमोर मान वर करून बोलला नव्हता. आताही त्यानं वर पाहिलं नाही.

"भरणी तुमची हाय, पाटील. भिंत माही हाय."

त्यानं पहार घातली. दगड निघाला. आधी पाणी आलं, काळपट. त्याला आंबूस वास होता. मातीला असा वास येत नाही. मग आतलं पोतं फाटलं आणि फुगलेले, कोंब फुटलेले दाणे भसाभस बाहेर पडले. त्यांच्या मागून मधल्या पोत्यांतली, पाणी न पोचलेली कोरडी जवारी धार लागल्यासारखी यायला लागली, पांढरीशुभ्र. भिंतीचं करकरणं थांबलं.

गल्ली गोळा झाली. उद्या धान्यवसुलीचे सरकारी साहेब येणार म्हणून दवंडी देत फिरणारा कोतवालही डफडं काखेत मारून येऊन उभा राहिला. सगळे वर पाटलांकडे पाहत होते.

पाटलांनी कोतवालाकडे पाहिलं. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माती हाय ते," ते म्हणाले. "भरणीची माती. कोणी हात लावू नका."

वच्छलाबाई छपरात गेली आणि टोपलं घेऊन बाहेर आली.

"मातीच हाय तं दोन टोपले मी नेतो, पाटील," ती ढिगापाशी बसत म्हणाली. "बाळंतिणीची जागा सारवायची हाय."