वांगी ठिपका

“आधी पत्र, मग स्क्रूड्रायव्हर,” उत्कर्षा म्हणाली.

पुष्करने घड्याळ पाहिलं. तीनला जर्मनीचे पाहुणे यायचे होते. त्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, आणि त्याचा जुना लॅपटॉप आताशा एक फाइल उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. नवी रॅम पाकिटात तयार होती. बसवणारा दिगंबर मात्र नव्हता. मंदी अमेरिकेत आली आणि हडपसरमधल्या या कंपनीने मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला गेल्या आठवड्यात घरी पाठवलं. आज उत्कर्षाचा शेवटचा दिवस. तिने वाशीमला भावाच्या दुकानात ढीगभर कॉम्प्युटर खोललेत, हे पुष्करला ठाऊक होतं. एरवी तो त्यावरून तिची टिंगल करायचा.

“माझ्या अनुभवाच्या पत्रात ‘कामाचा वेग अपुरा’ असं लिहिलंय. ती ओळ काढा, सही करा. मग उघडते.”

“सौदा बरा करतेस. एवढी चपळाई कामात दाखवली असतीस तर ही वेळ आली नसती.”

पण त्याने ओळ काढली. नवं पत्र छापलं, सही ठोकली आणि पाहुण्यांना घ्यायला खाली गेला. उत्कर्षाने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. आता उघडायचं, बसवायचं, निघायचं. या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं.

दोन वर्षं तिने या माणसाची बोलणी खाल्ली होती. मशीन अडकतंय, रॅम वाढवून द्या, असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, “मशीन स्लो नसतं गं, माणूस असतो. वाशीमचा वेग इथे चालत नाही.” सगळे हसले. साहेबाच्या विनोदाला हसणं पगारातच धरलेलं असतं. स्वतःच्या पैशाने रॅम आणते म्हणाली, तर कंपनीचं मशीन उघडल्यास कारवाई होईल, अशी मेल आली. मग ती रविवारी येऊ लागली. धायरीहून दोन बसेस बदलून यायची आणि रिकाम्या ऑफिसात गोल गोल फिरणाऱ्या त्या चकतीकडे बघत बसायची. सगळ्यात वाईट म्हणजे, हळूहळू तिलाही ते पटलं होतं. आईला फोनवर ती स्वतःच सांगायची, “माझाच हात संथ आहे गं.”

शेजारच्या खुर्चीवरच्या अवनीला दिवाळीआधी घरी पाठवलं, तेही वेगाच्याच कारणाने. अवनी जाताना कोणाशी बोलली नाही. तिलाही पटलं असणार.

उत्कर्षाने दिगंबरच्या ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर घेतला. लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, झाकणाचे स्क्रू सोडवले.

आत दोन खाचा, दोन्हींत रॅमची एकेक पट्टी. एका पट्टीवर वांगी ठिपका. दुसरीवर नारिंगी.

तिचा हात थांबला.

दिगंबरची एक सवय होती. कुठला भाग कुठल्या मशीनचा ते कळावं, म्हणून नवं मशीन कोणाला द्यायचं झालं की तो आतल्या प्रत्येक भागावर रंगाचा ठिपका द्यायचा. पुरुषांच्या मशीनला व्हाइटनरचा. मुलींकडून नेलपेंट मागून घ्यायचा. “ताई, एक थेंब द्या, तुमचं तुम्हाला ओळखू येईल,” म्हणायचा. उत्कर्षाने दिलेली बाटली वांगी रंगाची होती. आजही तिच्या नखांवर तोच रंग होता. नारिंगी लावायची ती अवनी.

पांढरा ठिपका कुठेच नव्हता. पुष्करच्या स्वतःच्या जुन्या पट्ट्या दिगंबरने कधीच भंगारात टाकल्या असणार. साहेबाने सांगितलं म्हणून त्याने दोघींच्या मशीनमधून पट्ट्या काढल्या आणि इथे बसवल्या. ठिपके मात्र पुसले नाहीत.

तिने आपलं मशीन, तेही लॅपटॉपच, उघडलं. एक खाच रिकामी होती. दोन वर्षं रिकामी होती.

म्हणजे तिचा वेग याने नेला, त्यावर स्वतः पळाला, आणि मागे वळून तिलाच म्हणाला, तू संथ आहेस.

तिने पट्ट्या धरणारे चिमटे बाजूला केले. वांगी पट्टी टपकन वर आली, मागोमाग नारिंगी. वांगी तिने आपल्या मशीनमध्ये बसवली. अवनीच्या खुर्चीवरचा नवा मुलगा चहाला गेला होता, नारिंगी त्याच्या मशीनमध्ये बसवली. पुष्करच्या लॅपटॉपला झाकण लावलं, स्क्रू गच्च आवळले. नवी रॅम पाकिटासकट त्याच्या टेबलावर ठेवली, फोडलीसुद्धा नाही.

पुष्कर पाहुण्यांना घेऊन वर आला. “झालं का?”

“झाकण लावलंय, सर.”

लॅपटॉप काखोटीला मारून तो मीटिंग रूममध्ये घुसला. काचेमागे मालक यज्ञेश्वर सर बसले होते, शेजारी पाहुणे. पुष्करने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. रॅम नसली की करतो तसा लॅपटॉप टुंटुं करू लागला. पुष्कर पाहुण्यांकडे बघून हसला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टुंटुं. ते बाहेर सगळ्या मजल्याला ऐकू येत होतं. या वेळी कोणी हसलं नाही.

लॅपटॉप घेऊन तो बाहेर आला. मागोमाग यज्ञेश्वर सरही आले.

“काय करून ठेवलंयस? माझी रॅम कुठाय?”

उत्कर्षाने पर्स खांद्याला लावली. वांगी नखांच्या हाताने स्क्रूड्रायव्हर त्याच्यासमोर धरला.

“सरांसमोरच उघडा ना. दुसऱ्यांचं होतं तेवढं काढून घेतलं. तुमचं स्वतःचं जे होतं, ते सगळं आत आहे.”