राणीची सही

"नकली," झडतीला आलेला कॉम्रेड बालाच म्हणाला आणि त्याने राणीचं पत्र टेबलावर भिरकावलं.

तेओफिलने बोलायचं नाही असं ठरलंच होतं. महिनाभर रोज झोपताना वेतुरिया नवऱ्याकडून पाठ करून घेत होती. जुन्या बाजारातून चौकटींसाठी घेतलं, आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. एवढं म्हणायचं आणि तोंडाला कुलूप. रुमानियाच्या राजाला देशाबाहेर हाकलून चार वर्षं झाली होती. जिथे त्याचा राजवाडा होता त्या सिनाया गावात त्याचा साधा फोटो भिंतीवर ठेवणाऱ्याचीही आता धडगत नव्हती. तेओफिलच्या पलंगाखाली तर राजघराण्याची पत्रं, तसबिरी आणि सह्यांचे फोटो मिळून दोन ट्रंका भरल्या होत्या. औषधांचा दुकानदार झाहारिया अशाच एका ट्रंकेपायी सक्तमजुरीवर कालवा खणायला गेला. तिथून अजून कुणीही परत आलं नव्हतं.

आता दोन्ही ट्रंका मधल्या खोलीत उघड्या पडल्या होत्या. दाराशी शिपाई बंदूक घेऊन उभा. बालाच मात्र सासुरवाडीला आल्यासारखा ऐसपैस बसला होता. आल्यागेल्याला देतात तसा वेतुरियाने त्यालाही चमचाभर चेरीचा मुरांबा आणि पाण्याचा पेला दिला होता. देताना निम्मं पाणी ताटलीत सांडलं. मेल्याने मुरांबा चाटूनपुसून खाल्ला आणि वर आणखी मागितला.

"वहिनी, झकास झालाय हं! आणि मास्तर, ही तसबीर कसली हो? छापील दिसतेय. वरून कुणीतरी रंग फासलाय."

छापील? राजवाड्याच्या म्हाताऱ्या माळ्याच्या किती विनवण्या केल्या होत्या तेओफिलने त्या तसबिरीसाठी! तीस वर्षं तो सिनायाचा स्टेशनमास्तर होता. राजवाड्यातला आचारी, माळी, सईस, सगळे त्याच्याच फलाटावरून गावी जायचे, आणि निरोपाला राणीने दिलेला सहीचा फोटो प्रत्येकाच्या ट्रंकेत असायचा. एकेकाच्या मागे लागून, गोडीगुलाबीने, कधी चक्क पाय धरून त्याने हे गोळा केलं होतं. पोटची पोरं नव्हती. होतं ते एवढंच.

बालाचने शेवटचा फोटो उचलला. भरतकामाचा झगा घातलेली राणी, आणि खाली शाई फिकी पडलेली सही. खिडकीपाशी नेऊन त्याने तो बराच वेळ न्याहाळला.

"आणि ही तर अगदीच भिकार नक्कल आहे," तो म्हणाला. "चला, आटोपलं. नकली माल ठेवायला बंदी नाही. राहू देत तुमच्या चौकटी तुम्हाला."

"देव तुमचं... म्हणजे सरकार तुमचं भलं करो, साहेब! म्हणजे कॉम्रेड!" वेतुरियाची जीभ नुसती अडखळत होती. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. सुटलो, बाई, सुटलो.

दाराशी बालाच वळला. "मास्तर, राग मानू नका. पण तुम्हाला चांगलंच गंडवलं की हो लोकांनी! जन्मभर कचरा जमवलात."

शिपाई फिसकन हसला.

"कचरा?" तेओफिल म्हणाला.

वेतुरियाने त्याचा दंड धरला. "अहो, जाऊ द्या ना. बरोबर बोलतायत ते. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"थांबा," तेओफिलने तिचा हात झटकला. "इकडे या. या म्हणतो ना! चष्मा आहे का? हा माझा लावा. नक्कल करणारा भीत भीत सही करतो, त्याची शाई जागोजागी साचते. इथे कुठे साचलीय, दाखवा बघू? एका दमात ओढलीय राणीने! आणि शेवटची रेघ का घसरली, माहितीय? गाडी सुटत होती. माझ्या टेबलावर, माझ्या दौतीत टाक बुडवून, माझ्यासमोर केलीय तिने ही सही! आणि म्हणे नक्कल!"

"असं होय?" बालाच अदबीने म्हणाला. "मग ही तसबीर?"

"अस्सल! माळ्याने माझ्या हातात दिलीय."

"आणि ही पत्रं?"

"सगळी अस्सल! हिच्या गळ्याची शपथ!"

म्हातारा घामाने डबडबला होता. डोळे लकाकत होते. चार वर्षांत पहिल्यांदाच तो हे सगळं कुणाला तरी दाखवत होता, आणि इतका आनंद त्याला पेलवत नव्हता. वेतुरिया मटकन खाली बसली. तिच्याकडे नजर गेली तेव्हा कुठे त्याला आपण काय बोललो ते उमगलं.

बालाचने शिपायाला खूण केली. "मास्तरांचा कोट आण आतून. त्यातल्या त्यात जाड बघ. कालव्यावर वारं फार असतं."

शिपाई आत गेला. तेओफिलला मात्र एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

"तुम्ही तर जाणकार दिसता," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या नजरेत ओळखलं असणार तुम्ही. मग नकली का म्हणालात?"

"जाणकार? छे हो!" बालाच म्हणाला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी प्रत्येक घरात जाऊन नकली एवढंच म्हणतो, पुढचं सगळं तुम्ही लोक आपणहून सांगता."