डाव्या पायाची पट्टी

"आजही डॉक्टर आले नाहीत, तर मी स्वतः जाऊन त्यांना उचलून आणीन," मोतद्दार म्हणाला आणि त्याच्या लाडक्या तट्टाच्या, बटाट्याच्या, पुढच्या डाव्या पायाची पट्टी नीट करायला खाली बसला.

बायको चहाचा थर्मास घेऊन तबेल्याच्या दारात उभी होती. "आणा की. पण त्यांनाही असंच अलगद धरा. लग्नात माझा हात काही एवढा जपून धरला नव्हतात."

एरवी तो हसला असता. डॉक्टरांची वाट बघण्याचा आज एकविसावा दिवस होता आणि त्याच्यात हसण्याचं त्राण उरलं नव्हतं.

मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी ती शाळा बंद पडत होती. सहा तट्टांपैकी पाच ट्रकमध्ये चढली. सहावा बटाट्या. रंगानं आणि आकारानंही तसाच. फळीवर चढायची वेळ आली आणि हा डाव्या पायानं लंगडायला लागला. घेणाऱ्या माणसानं तोंड वाकडं केलं. त्याला दिवसभर फरसबंदी रस्त्यावर गाड्या ओढणारी जनावरं हवी होती. "डॉक्टरांनी बरा आहे असं लिहून दिलं की कळवा, येऊन घेऊन जाईन," म्हणाला आणि ट्रक निघून गेला.

शाळेच्या मालकीणबाई मनानं वाईट नव्हत्या. "बरा झाला तर पाठवावा लागेल, मी शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "पण कायमचा अधू ठरला, तर तुम्हीच न्या घरी. मला आनंदच आहे. फक्त डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

आसपासच्या सगळ्या गावांना मिळून हा एकच डॉक्टर. सोमवारी येतो म्हणाला. मग कुठल्या तरी गोठ्यात साथ आली. मग त्याची गाडी बिघडली. मग तोच तापानं पडला. मोतद्दार रोज सकाळी फोन करायचा आणि रोज फोन ठेवल्यावर थोडा वेळ नुसताच भिंतीकडे बघत बसायचा.

बटाट्याची आई तो चार दिवसांचा असतानाच गेली होती. मोतद्दारानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. बायको बटाट्याला उघडउघड 'आमचा मोठा' म्हणायची आणि लोक हसले की तीही हसायची.

"किती वेळ पडून असतो हो हा," ती आता म्हणाली. "आधी असा नव्हता."

"पाय दुखतोय त्याचा."

"सगळा जन्म घोड्यांत गेला तुमचा. काय झालंय ते तुम्हाला कळत नाही?"

मोतद्दार पट्टीची गाठ मारत राहिला. ती पट्टी तो कुणालाही सोडू द्यायचा नाही. एकदा बायको ती सोडायला वाकली, तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता. नंतर ओशाळून तिच्यासाठी त्यानं स्वतः चहा केला होता.

तिनं बटाट्याच्या दुसऱ्या खुरावर हात ठेवला. "हा उजवा गरम लागतोय मला."

"लागणारच. सगळा भार त्याच्यावर टाकून उभा असतो ना. डावा मोकळा झाला की होईल थंड."

"देवा, काहीही कर, पण याला आमच्यापासून तोडू नकोस," ती म्हणाली. मोतद्दारानं खाली मान घातली.

दुपारी डॉक्टर एकदाचे आले. सोबत मालकीणबाई होत्या. डॉक्टरांनी बटाट्याला चालवून बघितलं. चार पावलं, बस. मग पेटीतून चिमटा काढला, एक्स-रेचं छोटं यंत्र काढलं.

"तुम्ही डोकं धरा," ते म्हणाले.

मोतद्दारानं बटाट्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि डोळे गच्च मिटले. त्याला काही बघवणार नव्हतं. कानावर नुसते आवाज येत होते. खुरावर चिमटा दाबल्याचा, बटाट्याच्या दचकण्याचा, यंत्राच्या शिट्टीचा. अधू म्हणा, तो मनातल्या मनात विनवत होता. फक्त एकदा अधू म्हणा.

मग पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"हा काही आता बरा व्हायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

एकवीस दिवसांत पहिल्यांदा मोतद्दारानं पोटभर श्वास घेतला. "मग आम्ही नेतो घरी," तो म्हणाला.

"घरी कसला नेताय? खुरातलं हाड निसटून तळव्याला टेकलंय. प्रत्येक पाऊल म्हणजे यातना आहेत त्याला. इंजेक्शन देऊन सोडवू या. आजच."

बायकोनं तोंडावर पदर धरला. मोतद्दार आधी डॉक्टरांकडे बघत राहिला आणि मग वेड्यासारखा हसला.

"नाही नाही, थांबा. थांबा, डॉक्टर!" तो गुडघ्यांवर बसला आणि डाव्या पायाची पट्टी ओरबाडून काढली. खुरावरच्या केसांत नख घालून त्यानं काहीतरी उचकटलं आणि कात्रीनं कचकन कापलं. त्याच्या तळहातावर एक लांब पांढरा केस होता. "हे बघा. शेपटीचा केस. मीच बांधला होता, करकचून. म्हणून लंगडत होता. जुनी युक्ती आहे आमच्यात. तो ट्रकमध्ये जाऊ नये म्हणून केलं मी. बाई, मला हवी ती शिक्षा द्या. पण या पायाला काही नाही झालेलं!"

बायको एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही.

डॉक्टरांनी वाकून डावा पाय चाचपला, खूर ठोकून पाहिला.

"खरंय. या पायाला काही झालेलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हात बटाट्याच्या उजव्या खुरावर ठेवला. "एकवीस दिवस सगळा भार यानं पेलला ना, त्यात हा गेलाय."