अडतिसावं मत

हात धुवायला जाताना हानियाबाई पर्सही बरोबर घेऊन गेल्या, तेव्हा ओल्मान सेग्रेदाच्या मनात पाल चुकचुकली. सान होसेच्या संसदेतल्या उपाहारगृहाला मागच्या अंगानं एक दार होतं. तिथून बाहेर पडलं की थेट रस्ता.

तो उठला आणि मोरीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

दोघंही एकाच पक्षाचे खासदार. सकाळीच पक्षाचा प्रतोद आल्सिदेस त्याला खांद्याला धरून कोपऱ्यात घेऊन गेला होता. "बाईंचं मन डळमळतंय. मतदान होईपर्यंत त्यांना नजरेआड होऊ देऊ नका. अडतीस मतं लागतात आणि आपण बरोबर अडतीस आहोत. मतदानाला एक जरी उभा न राहता खाली बसला तरी बियाण्यांचा कायदा पडला. आणि तो पडला की अख्खा व्यापार करार लटकला."

करार देशानं केव्हाच मान्य केला होता. तो अमलात यायचा तर एकामागून एक कायदे संमत करायचे होते, आणि हा त्यातला शेवटचा. एखाद्या कंपनीनं ज्या बियाण्यावर हक्क सांगितलाय ते स्वतःपुरतं राखलं तर चालेल, पण शेजाऱ्याला ओंजळभर दिलं तर गुन्हा, असं त्यात एक कलम होतं. ते काढायला लावतो, असं ओल्मान रविवारच्या बाजारात भाजीवाल्या बायकांना छातीठोकपणे सांगून आला होता. कलम होतं तिथंच राहिलं. त्यानंतर तो बाजाराकडे फिरकला नव्हता.

हानियाबाई रुमालाला हात पुसत बाहेर आल्या. "काय हो, पहारा देताय?"

"छे! पाय मोकळे करत होतो."

"इथं? बायकांच्या मोरीपाशी?" त्या हसल्या. ओल्मानही हसला. दोघं पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

मक्याची धिरडी गार झाली होती. बाई त्यांवरची साय नुसतीच काट्यानं इकडून तिकडे सारत राहिल्या. इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि न उचलताच तो कापला.

"कोण?"

"बहीण. घेवडा पेरायचाय तिला. बी दरवर्षी जावेकडून आणते. सकाळपासून विचारतेय, आत्ताच आणून ठेवू का म्हणून."

एवढं बोलून त्यांनी सरळ ओल्मानच्या डोळ्यांत पाहिलं.

हे असं का सांगतायत? ओल्मान सावध झाला. मला चाचपून बघायला आल्सिदेसनं यांनाच पुढं केलं नसेल कशावरून? त्याचा काय नेम!

"बी काय, दुकानात हवं तेवढं मिळतं आता," तो म्हणाला.

"हो ना. मिळतं खरं." बाईंनी काटा खाली ठेवला. "तुमच्या बाजारातल्या बायकांना काय सांगणार आहात?"

"सांगेन. शेवटी देशाचा फायदा बघायला हवा."

आपल्या तोंडून आल्सिदेसच बोलतोय, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्याला वेगळंच बोलायचं होतं. एकटा खाली बसला तर गद्दार ठरेल. पण दोघं बसली तर निदान कुणी ऐकून तरी घेईल. 'बाई, तुम्ही बसणार असाल तर मीही बसतो' – वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात बाईंनी फोन उचलून त्याच्या कपाजवळ पालथा ठेवला. बोलणं टिपायला मुद्दाम ठेवला की सहज? त्यानं ते वाक्य कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

मतदानाची घंटा झाली.

बाहेर निदर्शकांचे ढोल वाजत होते. जिन्यात बाईंनी त्याचं कोपर धरलं.

"ओल्मान, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

त्यांनी वर पाहिलं. जिन्याच्या टोकाशी आल्सिदेस उभा होता. येणारं एकेक डोकं मोजत होता.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "गुडघा दुखतोय जरा."

सभागृहात अध्यक्षांनी कायद्याचं नाव वाचलं. बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं, म्हणाले. खुर्च्या करकरल्या. माणसं उठू लागली. ओल्मान बसूनच होता. दोन्ही हात मेजावर दाबून त्यानं पलीकडच्या रांगेत पाहिलं. हानियाबाईही बसलेल्या. त्याही त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांची बोटं मेजाच्या कडेवर आवळलेली. उठायला आधार घेतायत, की उठायचं नाही म्हणून धरून ठेवलंय?

बाईंचा खांदा हलल्यासारखा वाटला. ओल्मान उठला. पाहतो तर त्याही उभ्या.

"अडतीस," सचिव म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर आल्सिदेसनं दोघांना एकदमच मिठी मारली. "शाब्बास! बाई, नीट सांभाळून आणलंत हो यांना. कालपासून मला यांचीच धास्ती होती." मग ओल्मानकडे बघून त्यानं डोळा मिचकावला आणि गर्दीत शिरला.

दोघं तिथंच उभी राहिली.

"म्हणजे तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला..." ओल्मान म्हणाला.

"आणि तुम्हाला माझ्यावर."

"उठलात कशाला मग?"

"तुम्ही उठलात म्हणून."

"मी? अहो बाई, तुम्ही उठायला लागलात म्हणून तर मी..."

बाईंनी मान फिरवली. छायाचित्रकारानं पायरीवर सगळ्यांना ओळीनं उभं केलं होतं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि या दोघांना हात केला.

"अहो, जरा जवळ सरका की. एकाच पक्षाचे ना तुम्ही?"