साठच्या पुढची थरथर

बाबांचे हात अकरा वर्षं थरथरत होते. चहा अर्धा कपात, अर्धा आमच्या अंगावर. नांदेडचे डॉक्टर थकले, मग बाबाच गेले.

तेरवीनंतर त्यांच्या गाडीचं स्टेअरिंग साठच्या पुढे थरथरायला लागलं. बराबर तसंच. मी महिनाभर उगाच डोंगरकडा-हिंगोली करत राहिलो.

शेवटी आई म्हणाली, "गेलेल्या माणसाला काहून तकलीफ देऊन राहिला? चाकं दाखव."

हिंगोलीत टायरवाल्या प्रेमानंदनं चारही चाकं मशीनवर फिरवली, तोल साधायला रिमला शिशाची वजनं ठोकली. स्टेअरिंग गप्प झालं. दोन किलोमीटरवरून मी रडत परत आलो.

"वजनं काढ."

"दादा, लोकं बसवायला येतेत."

"काढ रे."

त्यानं काढली. चाक फिरवलं, तरी मशीनवर तोलातला फरक शून्य. दुसरं फिरवलं. शून्य. त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केली. मग गुपचूप चपला काढून उभा राहिला.

परतताना रस्ता मोकळा होता. गाडी साठच्या पुढे नेली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हटलं, "बाबा, असाल तर थरथरा ना."

वळण आलं. स्टेअरिंग आपलं आपण, सावकाश वळलं. जराही न थरथरता.