चार रंगांची शाई

दाराची घंटा वाजली तेव्हा कोशकार घाईघाईने शर्टाची बटणं लावत होते.

"आल्या वाटतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि हे बघा, खरं काय ते सांगून टाका. आयुष्यभर शब्दांवर जगलात, आता एका शब्दापायी तोंड लपवू नका."

बायकोला म्हणायला सोपं होतं. पाहुणीचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं. 'तुमच्या कोशातला लवेरी हा शब्द आम्ही मुलीचं नाव म्हणून ठेवला. त्याने आमचं घर सावरलं. ती आता सात वर्षांची आहे. तिला घेऊन आभार मानायला येते.'

आणि लवेरी हा शब्द कुठल्याच भाषेत नव्हता.

कोश होता दिसायला एकसारख्या, पण भाषेगणिक अर्थ बदलणाऱ्या शब्दांचा. 'शिक्षा' म्हणजे एका भाषेत शाळा, दुसरीत छडी. पोरांना विचाराल तर दोन्ही एकच. एकेका शब्दाचं एकेक कार्ड. चार भाषांचे चार पंडित ते तपासायचे, प्रत्येकाची शाई वेगळी. निळ्याने लिहिलं की हिरवा खोडणार, हिरव्याचं लाल खोडणार. छापखान्यात पोचेपर्यंत कार्डावर मूळ अक्षर शोधावं लागायचं.

पण कोश चोरणारेही असतात. म्हणून कोशकारांनी त्या धंद्यातली जुनी युक्ती केली होती: एक खोटा शब्द गुपचूप घुसवायचा. तो दुसऱ्याच्या कोशात दिसला, की चोर सापडला. एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी लवेरी रचला. एका भाषेत उंबरठ्यावरचा दिवा, दुसरीत परतीची वाट, तिसरीत दुधावरची साय. पंडितांनाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

आता नवी आवृत्ती निघत होती. प्रकाशकाने बजावलं होतं, खोटं काही ठेवायचं नाही. शेवटची प्रुफं उद्या जायची होती.

पाहुणीने आत येताच वाकून नमस्कार केला आणि हसून म्हणाली, "काका, एक बटण चुकलंय."

कोशकार ओशाळले. मुलगी मात्र सरळ मुद्द्यावर आली.

"माझा शब्द कुठाय?"

त्यांनी कोश पुढे केला. आईने दोन-तीन पानं चाळून बरोबर जागा काढून दिली. मुलीने शब्दावर बोट ठेवलं ते काढेचना.

"ते चार पंडित अजून भांडतात का?" पाहुणीने विचारलं.

"दोघे आहेत. तरी भांडतात," कोशकार म्हणाले. प्रस्तावनेत आपण लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं.

बायको मुलीला खाऊ द्यायला आत घेऊन गेली. कोशकारांनी घसा खाकरला, पण पाहुणीच बोलू लागली.

"माझ्या माहेरची भाषा एक, सासरची दुसरी. सासूबाई सुचवतील ते नाव आईच्या भाषेत शिवी निघायचं. आईने सुचवलेलं सासूबाईंच्या भाषेत आजार. चार महिने पोर बिननावाची होती, काका. आई बॅग भरून निघालीच होती. मी तुमचा कोश दोघींच्या मध्ये ठेवला. छापलेलं बघून दोघी गप्प झाल्या. आता माझ्याविरुद्ध दोघींची युती आहे." ती हसली, पण डोळे भरले होते. "तुमचे उपकार कसे फेडू?"

इतक्या मनापासून कुणी आभार मानावेत, असं कोशकारांनी जन्मात काही केलं नव्हतं. जे केलं होतं, ते तर असं. त्यांना लाज वाटली. नव्या कोशात त्या पोरीने शब्द शोधला आणि जागा रिकामी सापडली तर? त्या दोन आज्यांचं काय?

त्यांनी प्रुफांच्या गठ्ठ्यातून एक पान ओढलं. लवेरीवर काल मारलेली काट त्यांनी रद्द केली. तिन्ही अर्थ खोडले आणि खाली नवा लिहिला: 'एका मुलीचं नाव.'

पान त्यांनी पाहुणीपुढे सरकवलं.

"हा एवढाच अर्थ खरा आहे, बाई. बाकीचे तिन्ही मी रचले होते. शब्दही. मला माफ करा."

पाहुणीने पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे पुसले.

"ते माहीत होतं, काका. ही पोटात असताना तुमच्या चार हजार कार्डांचे खिळे छापखान्यात मीच जुळवले. भांडण नसलेलं कार्ड तेवढं एकच होतं."