चार बोटांचं अंतर

लाईन गेली तेव्हा पत्रिका सुमित्राबाईंच्या हातात होती.

"आता काय वाचू मी?" त्या म्हणाल्या. "घे वं रुचिका. तुले तारे समजते. अनुराधाच लिवलं हाये ना, पाह्य बरं. बाकी पोरगी तर आपल्याले पसंत हाये."

धाकट्या मुलासाठी, अंकितसाठी, त्या वर्ध्याला मुलगी पाहायला आल्या होत्या. रुचिका त्यांची थोरली सून, आर्वीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिने मोबाईलच्या उजेडात कागद धरला. जन्मवेळ सकाळी सव्वासात. नक्षत्र अनुराधा.

जूनची सुरुवात होती. रात्रीचे आठ वाजले तरी गच्चीची फरशी गरम होती. मुलगी, स्वीटी, अंदाजाने पेल्यांत पन्हं ओतत होती.

"मी झाली तवाई लाईन गेलती," ती हसत म्हणाली. "आई म्हणते, नर्सबाईनं बॅटरी धरली होती. डॉक्टर जेवाले घरी गेलते, ते हात न धुता धावत आले. अन् बाबा अंधारात दुसऱ्याच पोरीले पाहून आले. म्हणे, माह्यासारखीच दिसते."

सुमित्राबाईंना हसू आवरेना. स्वीटीचे वडील हेमराज हसले नाहीत.

"स्वीटी, काकूले खाली ने. येथं डास हाये."

स्वीटी सुमित्राबाईंचा हात धरून जिना उतरली. खाली अंकित आणि रुचिकाचा नवरा गोपाल बसले होते. गच्चीवर दोघंच उरली. हेमराजने रुचिकाला दारातच ओळखलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"हेमराजभाऊ, तिकडे पाहा," रुचिका म्हणाली. "कडुलिंबाच्या वर. तीन तारे ओळीत आहेत, ती अनुराधा. आता हात लांब करा आणि त्यांच्या खाली चार बोटं धरा."

त्याने हात उचलला नाही.

"करा ना लांब."

त्याने केला.

"बोटांखाली तांबडा तारा दिसतो, ज्येष्ठाचा?"

"दिसते."

"बॅटरी लागली म्हणजे स्वीटी रात्री झाली, सकाळी नाही. चंद्राला ही चार बोटं ओलांडायला तेरा तास लागतात. सकाळी सव्वासातला तो अनुराधेपाशी असेल, तर रात्री सव्वाआठला कुठे असेल?"

हेमराजचा हात खाली आला.

"ताई, पोरीचा त्यात काय दोष?"

"काहीच नाही. माझाही नव्हता."

अकरा वर्षांपूर्वी तो आर्वीला तिच्या घरी आला होता, आपल्या धाकट्या भावासाठी. सगळं ठरत आलं होतं. मग पत्रिका उघडली. पोह्यांच्या बशीला हात न लावता तो उठला आणि भरल्या घरात म्हणाला, "ज्येष्ठाची पोरगी भासऱ्याले खाते. आपल्याले मरायचं नाई." रुचिका तेव्हा चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. त्यानंतर तिच्यासाठी फक्त घरातल्या थोरल्या मुलांची स्थळं पाहिली गेली. थोरल्याला थोरला भाऊ नसतो, म्हणजे त्याच्या बायकोला भासरा नसतो.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" तिने विचारलं.

त्याने पन्ह्याचा पेला उचलून तसाच खाली ठेवला.

"तो तारा सूर्याहून थंड आहे, म्हणून तांबडा दिसतो," वर्गात सांगावं तसं ती सांगू लागली. "पण आकार असा की सूर्याच्या जागी ठेवला, तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. घरादारासकट, बाजारासकट. एवढं ज्याच्या पोटात मावते, त्याले भासराच काऊन लागते हो?"

जिन्यातून सुमित्राबाईंचा आवाज आला. "काऊन वं, एवढा येळ? जुळते का नाई?"

हेमराजने कठड्याला हात टेकला. रुचिकाने आधी पन्ह्याचा घोट घेतला. खालून पुन्हा हाक आली.

"रुचिका?"

"जुळते, आई. अनुराधाच आहे."

खाली एकदम गलका झाला. कोणीतरी पेढ्यांचा डबा शोधू लागलं. हेमराजने श्वास सोडला आणि पत्रिकेसाठी हात पुढे केला. रुचिकाने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"ते... माह्यापाशी राह्यली असती."

"राहू द्या. यात भासरा माझा नवरा आहे. कागद मीच सांभाळते."

"कोणाले सांगसान तर नाई?"

तिने कडुलिंबाच्या वर बोट केलं.

"तो तारा म्हातारा झालाय. तो एक दिवस फुटणार, एवढं नक्की. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही. आज रात्री, नाहीतर लाख वर्षांनी. बघायला दुर्बीण लागत नाही, साधा डोळा पुरतो. फुटला की दिवसाढवळ्यासुद्धा दिसेल." ती जिन्याकडे वळली. "पाहत राहा."

तिच्या चपलांचा आवाज जिन्यात संपला तेवढ्यात लाईन आली. गच्चीवरचा दिवा लागला, समोरच्या घरांतले लागले, खाली टीव्ही बोलू लागला. आकाशातलं काही दिसेनासं झालं.

"बाबा," स्वीटीने हाक मारली, "पेढा खाले या ना. सगळे थांबले हाये."

"आलो," हेमराज म्हणाला. भिंतीवर चाचपडत त्याने बटण शोधलं, गच्चीवरचा दिवा बंद केला आणि कडुलिंबाच्या वर पाहिलं.